शाळा कुणाच्या नावावर?

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेट कौंटीत, स्वानेज नावाचे सुमारे दहा हजार वस्तीचे गाव आहे. १९७२ मध्ये या गावाची रेल्वे बंद झाली. १९७४ मध्ये तिथले ग्रामर स्कूल बंद झाले. रेल्वे स्वयंसेवकांनी कित्येक वर्षे खपून, उखडलेले रूळ पुन्हा टाकून सुरू केली. शाळा मात्र गेली ती गेलीच. मुले तेराव्या वर्षापर्यंत गावातल्या मिडल स्कूलमध्ये शिकत आणि पुढच्या शिक्षणासाठी सोळा किलोमीटरवरच्या वेअरहॅमला जात. मग कौंटी परिषदेने शाळांचे तीन टप्पे मोडून दोनच ठेवायचे ठरवले. त्या आराखड्यात मिडल स्कूलला जागाच उरली नाही आणि २०१३ च्या उन्हाळ्यात तेही बंद झाले. आता अकरा वर्षांच्या मुलांनीच रोज बसने गावाबाहेर जायचे, असे ठरल्यासारखे होते.

गावातल्या पालकांनी सभा घेतल्या, अर्ज केले, विरोध नोंदवला. एवढ्यावर ते थांबले असते तर या प्रकरणात स्वानेजचे नाव आले नसते. २०१० च्या अकादमी कायद्याने इंग्लंडमध्ये लोकांच्या गटांना ‘फ्री स्कूल’ काढण्याची वाट मोकळी झाली होती. अशा शाळेला दर विद्यार्थ्यामागे ठरलेले पैसे केंद्र सरकार थेट देते. पालकांकडून फी घेता येत नाही. त्यासाठी अर्ज करणाऱ्या गटाला एक गोष्ट सिद्ध करावी लागे, ती म्हणजे मागणी. पहिल्या दोन वर्षांत कोणत्या इयत्तेत किती मुले येतील, हे पालकांच्या लेखी होकारासह दाखवावे लागे. स्वानेजकर दारोदार फिरले, होकार गोळा केले, प्रस्ताव मंजूर करून घेतला आणि मिडल स्कूल बंद झाले त्याच वर्षी, सप्टेंबर २०१३ मध्ये, ‘द स्वानेज स्कूल’ सुरू झाले. शाळा सहकारी तत्त्वावर चालवायची, हेही त्यांनी सुरुवातीलाच ठरवले होते.

या घटनेकडे पाहताना बहुतेकांचे लक्ष गावाच्या जिद्दीकडे जाते, आणि ते योग्यच आहे. पण मला जिद्दीपेक्षा शाळा सहकारी तत्त्वावर चालवण्याच्या निर्णयाचे मोल अधिक वाटते. शाळा वाचवण्यासाठी लोक एकत्र येतात हे जगभर घडते. वाचवलेली शाळा पुढे कुणाची, तिथे मत कुणाला आणि पैसा कुणाचा, हे फार थोडे लोक कागदावर आणतात. जे आणत नाहीत त्यांची शाळा एक तर दुसऱ्यांदा बंद पडते, नाही तर चार माणसांच्या खासगी मालकीची होऊन बसते.

शाळा बंद का पडते, याचे उत्तर बहुधा पटात असते. अनुदान मुलांच्या संख्येवर मिळते, शिक्षकांची पदेही संख्येवर ठरतात, पण खर्च संख्येइतका कमी होत नाही. वर्गात तीस मुले असोत की बारा, शिक्षक एकच लागतो, छप्पर तेवढेच गळते. म्हणून लहान शाळा कागदावर नेहमी महाग दिसते. सरकारी शाळा असेल तर अधिकारी ती जवळच्या शाळेत विलीन करतात. खासगी संस्थेची असेल तर संस्थाचालकाला तोटा सोसवत नाही किंवा शाळेच्या जागेचा भाव शाळेपेक्षा मोठा झालेला असतो. दोन्हीकडे निर्णय घेणारा माणूस शाळेच्या रोजच्या जगण्यापासून दूर असतो. ज्यांचे जगणे बदलणार असते ते दोन गट, मुलांची कुटुंबे आणि शिक्षक, त्या निर्णयाच्या बैठकीला नसतात.

हे दोन गट एकत्र येऊन शाळा हातात घेतात, तेव्हा पहिल्या सभेत सगळे एका सुरात बोलतात. खरी परीक्षा दुसऱ्या वर्षी सुरू होते, कारण दोघांचे हित एक नसते. पालकाला फी कमी हवी, शिक्षकाला पगार वेळेवर आणि पुरेसा हवा, आणि हे दोन्ही एकाच पेटीतून यायचे असते. पालकाचा शाळेशी संबंध त्याचे मूल तिथे आहे तोवरचा. धाकटे दहावी झाले की तो सभेला येत नाही. शिक्षकाचे मात्र सगळे कामकरी आयुष्य तिथे जायचे असते. पालकाला मुलाच्या वर्गात काय चालले आहे ते विचारावेसे वाटते, शिक्षकाला वर्गात ढवळाढवळ नको असते. यात कुणीच वाईट नाही. हितसंबंध वेगळे आहेत एवढेच, आणि ते वेगळे आहेत हे मान्य करून त्यांची मांडणी करणे हेच सहकाराचे काम.

ही मांडणी कायद्यात सर्वांत स्पष्टपणे केली ती स्पेनने. तिथे शैक्षणिक सहकारी संस्थांची परंपरा बरीच जुनी आहे. १९७० च्या शिक्षण कायद्याने शाळांवर नव्या अटी आल्या, त्या पुऱ्या करणे अनेक लहान खासगी शाळांना जमेना. अशा काळात शिक्षकांनी एकत्र येऊन सहकारी शाळा काढल्या. व्हॅलेन्सियाजवळच्या कातार्रोहा गावात शिक्षकांच्या एका गटाने १९७७ मध्ये सुरू केलेली ‘फ्लोरिडा’ ही संस्था आज उच्च शिक्षणापर्यंत पोहोचली आहे. १९९९ च्या स्पॅनिश सहकार कायद्यात शैक्षणिक सहकारी संस्थांसाठी स्वतंत्र कलम आहे. त्याचा आशय साधा आहे: पालक किंवा विद्यार्थी सभासद असतील तर त्या शाळेला ग्राहक सहकारी संस्थेचे नियम लागू, शिक्षक आणि कर्मचारी सभासद असतील तर कामगार सहकारी संस्थेचे. आपण कोणत्या भूमिकेतून मालक आहोत, घेणारा म्हणून की राबणारा म्हणून, हे सभासदांना आधी ठरवावे लागते.

दोन्ही प्रकारांची बलस्थाने आणि दुखणी वेगळी आहेत. पालकांची सहकारी शाळा पहिल्या वर्षी जोमात असते, भांडवल पटकन उभे राहते, पण दर काही वर्षांनी सभासदच बदलतात. नवा पालक जुन्या लढ्याचा साक्षीदार नसतो. शिक्षकांची सहकारी शाळा टिकाऊ असते, कारण ती त्यांची रोजी-रोटी असते. मात्र कमकुवत शिक्षकाला समजावण्याची किंवा बाजूला करण्याची वेळ आली की सहकाऱ्यांचा हात अडखळतो आणि सोसावे लागते ते मुलांना. म्हणून दोघांनाही एकाच संस्थेत, वेगवेगळ्या गटांत सभासद करून घेणारी तिसरी रचना मला सर्वांत शहाणपणाची वाटते. बास्क प्रदेशातल्या मोंद्रागॉन विद्यापीठात याचे मोठे उदाहरण आहे. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या या सहकारी विद्यापीठाच्या कारभारात तिथे काम करणारे, तिथे शिकणारे आणि त्याला साथ देणाऱ्या बाहेरच्या संस्था अशा तिन्ही बाजूंना स्थान आहे. या विद्यापीठाची मुळे १९४३ साली सुरू झालेल्या एका लहानशा तंत्रशाळेत आहेत. मोंद्रागॉन गावातल्या मोठ्या कारखान्याची प्रशिक्षण शाळा बाहेरच्या मुलांना सहसा घेत नसे. तेव्हा होसे मारिया अरिझमेंदियारिएता या तरुण धर्मगुरूने गावकऱ्यांकडून पै पै जमवून सर्वांसाठी शाळा काढली. जगातला सर्वांत नावाजलेला औद्योगिक सहकार त्या शाळेच्या विद्यार्थ्यांनी पुढे १९५६ मध्ये सुरू केला. आधी शाळा आली, कारखाना नंतर.

मराठी वाचकाला हे सारे परके वाटण्याचे कारण नाही. जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, पुढच्या वर्षी फर्ग्युसन कॉलेज. भारतात सहकारी संस्थांचा पहिला कायदा १९०४ सालचा, म्हणजे त्याच्या वीस वर्षे आधी या मंडळींनी जे केले ते जवळजवळ शिक्षकांच्या सहकारी संस्थेसारखेच होते. शिकवणारेच संस्थेचे आजीव सभासद. वीस वर्षे सेवेची प्रतिज्ञा. पगार बेताचा, महिना पंचाहत्तर रुपयांच्या घरातला. आणि शाळा-कॉलेजच्या रोजच्या कारभाराचे निर्णय या सभासदांच्या मंडळात. बाहेरचा धनी नाही. चिपळूणकर, टिळक, आगरकर, नामजोशी ही नावे आपण राजकारण आणि वाङ्मयासाठी आठवतो. पण शिक्षकच संस्थेचे चालक ही त्यांची कल्पना तितक्याच आदराने आठवावी अशी आहे.

आणि भांडण झाले ते नेमके पैशावरून. आजीव सभासदाने संस्थेबाहेर कमाई करावी की नाही, गरज पडेल तसा कुणाला जास्त मोबदला द्यावा की सर्वांना समान, या प्रश्नांवर मित्रांत फूट पडली. टिळकांचा आग्रह कडक त्यागाचा होता. इतरांना संसाराची ओढाताण दिसत होती. १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला. आगरकर राहिले आणि पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. आजीव सभासद असलेल्या गोखल्यांनी सेवेची मुदत पुरी केली. इतकी मोठी माणसे दुरावली तरी संस्था मोडली नाही, कारण ती कुणा एकाच्या नावावर नव्हती. बहुमताने ठरायचे ते ठरले, न पटणारा बाहेर पडला आणि दुसऱ्या दिवशी वर्ग भरले. या रचनेत उणीव होती ती एकच: पालकांना मत नव्हते. त्या काळी ते कुणाला सुचलेही नसेल. आज मात्र सुचायला हवे.

पालकांना सोबत घेऊन शाळा काढणाऱ्या एका भारतीयाचे उदाहरण इथे आठवते. विनोबांच्या भूदान चळवळीतून घडलेले सतीश कुमार पुढे इंग्लंडमध्ये स्थायिक झाले. १९६२ मध्ये ते दिल्लीहून मॉस्को, पॅरिस, लंडन, वॉशिंग्टन अशा शांतियात्रेला निघाले होते, हे अनेकांना माहीत असेल. डेव्हनमधल्या हार्टलंड या खेड्यात राहताना त्यांच्यापुढे स्वानेजसारखाच प्रश्न आला. वयाच्या अकराव्या वर्षानंतर गावातल्या मुलांना बसने दूरच्या मोठ्या शाळेत जावे लागे. १९८२ मध्ये त्यांनी काही कुटुंबांना जोडून गावातच ‘स्मॉल स्कूल’ सुरू केली. मुले आणि शिक्षक मिळून दुपारचे जेवण रांधत, गावातले कारागीर येऊन आपले काम शिकवत. शाळा खूप नावाजली, तिच्यावर लेख आले, तिच्यापासून स्फूर्ती घेऊन लहान शाळांची चळवळ उभी राहिली. पण ती सरकारी खर्चाने चालणारी शाळा नव्हती. देणग्या, पालकांची ऐपतीप्रमाणे फी आणि शिक्षकांची कमी पगारात काम करण्याची तयारी यांवर ती उभी होती. हार्टलंडच्या शाळेबद्दल मला अतिशय आदर आहे, तरीही सरकारी पैशाविना सर्वसामान्य घरांतल्या मुलांची शाळा चालवणे हे कायमचे उत्तर होऊ शकत नाही, असेच माझे मत आहे.

हिशेब मांडून पाहू. समजा, पहिली ते पाचवीच्या बंद पडणाऱ्या शाळेत ६० मुले आहेत आणि पालक-शिक्षकांनी ती स्वबळावर चालवायची ठरवली. तीन शिक्षक, प्रत्येकी दरमहा २५,००० रुपये. अनुभवी शिक्षकाला हा पगार कमीच आहे. वर्षाचे ९ लाख झाले. म्हणजे एका मुलामागे १५,००० रुपये, दरमहा १,२५०, आणि यात वीजबिल, पुस्तके, दुरुस्ती, सेवक कशाचाच समावेश नाही. दोन मुले असलेल्या मजुराच्या घरावर महिन्याला अडीच हजारांचा बोजा पडला. आता दहा मुले इंग्रजी शाळेत गेली असे धरा. खर्च तोच, मुले ५०. एका मुलामागचा आकडा १८,००० वर गेला. तो न परवडणारी आणखी पाच घरे गळतात आणि उरलेल्यांवरचा भार आणखी वाढतो. ज्या कारणाने जुनी शाळा बंद पडली त्याच कारणाने नवीही पडू शकते, फक्त या वेळी तोटा पालकांच्या खिशातून जातो.

म्हणूनच जिथे कायद्याने सार्वजनिक पैसा लोकांच्या शाळेकडे वळवला तिथेच हा प्रयोग पसरला. स्वीडनमध्ये १९९२ च्या सुधारणेनंतर मुलाच्या मागे ठरलेली रक्कम नगरपालिका स्वतंत्र शाळेलाही देऊ लागली. त्यानंतर उत्तरेकडच्या विरळ वस्तीत नगरपालिकेने गावची शाळा बंद करायची ठरवली, की पालकांनी सहकारी संस्था नोंदवून तीच शाळा, बहुधा त्याच इमारतीत, चालवायला घ्यायची, असा मार्ग खुला झाला. त्याच दाराने नफ्यासाठी शाळा काढणाऱ्या कंपन्याही आत आल्या आणि स्वीडनमध्ये त्यावर आजही तीव्र वाद चालू आहे. हा धोका खरा आहे. सार्वजनिक पैसा हवा असेल तर नफा वाटता येणार नाही, शिल्लक शाळेतच राहील आणि संस्था विसर्जित झाली तरी मालमत्ता सभासदांत वाटली जाणार नाही, ही अट कायद्यातही हवी आणि संस्थेच्या घटनेतही.

इमारत कुणाची, हा प्रश्नही पैशाइतकाच मोठा. केरळमधील कोळिकोड शहरातल्या मलापरंबा येथील अनुदानित शाळेची गोष्ट या बाबतीत डोळे उघडणारी आहे. व्यवस्थापकाला शाळा बंद करायची होती. २०१४ च्या एप्रिलमध्ये, सुट्टीच्या दिवसांत, शाळेची इमारत पाडली गेली. लोकांनी संरक्षण समिती केली, वर्गणी काढली, श्रमदान केले आणि जून उजाडेपर्यंत वर्ग पुन्हा उभे केले. शाळा भरली. पण जमीन आणि व्यवस्थापन लोकांचे नव्हते. खटला व्यवस्थापकाच्या बाजूने गेला आणि २०१६ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने शाळेला कुलूप लागले. शेवटी राज्य सरकारने ती आणि तशाच आणखी काही शाळा ताब्यात घेतल्या, म्हणून ती वाचली. भिंती लोकांनी बांधल्या तरी सातबारा दुसऱ्याचा असेल, तर लोकांचा हक्क भावनेपुरताच राहतो.

आता आपल्याकडे येऊ. २०१७ च्या अखेरीस महाराष्ट्र सरकारने दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा बंद करून जवळच्या शाळांत विलीन करण्याचा निर्णय घेतला. २०२३ मध्ये समूह शाळांची, म्हणजे लहान शाळांतली मुले एका मोठ्या शाळेत आणण्याची, योजना पुढे आली. त्या वेळी वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची संख्या चौदा हजारांच्या वर असल्याचे सांगितले गेले. पानशेत आणि तोरणमाळ ही नमुन्याची उदाहरणे म्हणून दाखवण्यात आली. बसची सोय नीट झाली तर मोठ्या शाळेत मुलांना अधिक सोबती, अधिक शिक्षक मिळतात, हे नाकारू नये. पण शिक्षण हक्क कायद्यानुसार महाराष्ट्रात पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असायला हवी, आणि ओढ्यापलीकडच्या वाडीतली सात वर्षांची मुलगी पावसाळ्यात किती दिवस बसपर्यंत पोहोचेल, हे नकाशावर दिसत नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी सहकाराचा मार्ग मला योग्य वाटत नाही, हे स्पष्ट सांगतो. ती शाळा चालवणे ही सरकारची जबाबदारी आहे आणि पालकांनी ती स्वतःच्या अंगावर घेऊ नये. शिवाय तिथला शिक्षक अतिरिक्त ठरला तरी त्याचे समायोजन होते. नव्या संस्थेत उडी घेण्याचे त्याला कारण नसते. अशा ठिकाणी शाळा व्यवस्थापन समिती हेच हत्यार. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असायला हव्यात. ही समिती कागदावर सह्या करण्यापुरती उरली असेल तर आधी ती जागी करावी.

सहकाराची खरी जागा आहे ती खासगी संस्थांच्या मराठी शाळांमध्ये. मुंबई-पुण्यात आणि तालुक्यांच्या गावी अशा किती तरी शाळा आहेत, जिथे संस्थापक पिढी गेली, वारसांना रस नाही, पट घटतो आहे आणि शिक्षक अजून जीव ओतून शिकवत आहेत. तिथे नवी शाळा काढण्यापेक्षा चालू शाळेचे व्यवस्थापन सरकारी मंजुरीने दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेकडे हस्तांतरित करून घेणे कधीही चांगले. नव्या शाळेला मान्यता मिळवण्यापासून सुरुवात करावी लागते आणि अनुदानाची आशा जवळजवळ सोडावी लागते. हस्तांतरणात मान्यता आणि अनुदान वाचवण्याची संधी असते. मात्र हे बंद पडण्याआधी करावे लागते, नंतर नाही.

आपल्याकडे शाळा चालवणारी संस्था साधारणपणे सोसायटी नोंदणी कायद्याखाली किंवा सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असते. सहकार खात्याकडे नोंदणी करून शाळा चालवण्याचा मार्ग इथे रुळलेला नाही. पण सहकाराची तत्त्वे न्यासाच्या घटनेत लिहायला कोणी मनाई केलेली नाही. सभासदत्व खुले ठेवा, एका सभासदाला एकच मत द्या, मग त्याने वर्गणी कितीही दिलेली असो. कार्यकारिणीत पालक, शिक्षक-कर्मचारी आणि माजी विद्यार्थी-गावकरी यांच्या जागा ठरवून टाका आणि कोणत्याही एका गटाला एकट्याच्या बळावर बहुमत मिळू देऊ नका. मूल शाळेतून बाहेर पडलेल्या पालकाला गावकरी म्हणून पुढे राहता येईल अशी सोय करा. लढ्याची आठवण असलेली माणसे त्यामुळे टिकतात. वर्गात काय आणि कसे शिकवायचे हे शिक्षकांच्या सभेकडे सोपवा, फी आणि पगार संयुक्त सभेकडे. शिक्षकाविरुद्धची तक्रार ऐकायला बाहेरचा एक जाणता माणूस नेमा. एकाच घरातले दोघे एका वेळी पदाधिकारी नकोत. ही शेवटची अट आपल्याकडे सर्वांत आवश्यक आहे आणि तीच सर्वांत आधी गाळली जाते.

शाळेतील पदे ठरवताना ३० सप्टेंबरचा पट धरला जातो. तुमच्या जवळची शाळा डगमगत असेल, तर पालक आणि शिक्षकांची पहिली एकत्र सभा जून-जुलैमध्ये घ्या, निरोप समारंभाची वाट पाहू नका. त्या सभेत तीन कागद मागा: शाळेची मान्यता, जागेचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, आणि गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब. ते हातात येईपर्यंत कुणाकडूनही वर्गणीचा एक रुपया घेऊ नका.